टीडीएस मीटरला क्लोरोफॉर्म दिसत नाही

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने कॅन्सर होतो, टीडीएस मीटर बुडवून खात्री करा, आरओ बसवा आणि क्लोरीन टाकणंच बंद करायला लावा.

कॅन्सरचं म्हणणं सगळंच हवेतलं नाही, म्हणून तर मेसेज खपतो. कुजलेल्या पालापाचोळ्याचे सेंद्रिय अंश आणि क्लोरीन एकत्र आले की ट्रायहॅलोमिथेन तयार होतात, क्लोरोफॉर्म त्यांतलंच. नेदरलँड्समध्ये योहानेस रूक यांनी 1974 मध्ये हे दाखवून दिलं. पण प्रश्न प्रमाणाचा आहे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या भारतीय मानकात क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला 0.2 मिलिग्रॅम आहे, ब्रोमोडायक्लोरोमिथेन या दुसऱ्या ट्रायहॅलोमिथेनची 0.06.

मीटरचा सल्ला मात्र निव्वळ अडाणीपणा. तो पाण्याची वीजवाहकता मोजून क्षारांचा अंदाज देतो. क्लोरोफॉर्मचा त्याला पत्ताच लागत नाही. बोअरचं पाणी 800 दाखवेल आणि त्यात ट्रायहॅलोमिथेन नसतील. धरणाचं 80 दाखवेल आणि त्यात असतील. गावात पिवळा रंग बघून करतात ती ओटी टेस्टसुद्धा फक्त उरलेलं क्लोरीन सांगते.

खरी तपासणी प्रयोगशाळेत, पदार्थ वेगवेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रावर होते. घोळ होतो तो नमुना घेताना. काचेची कुपी काठोकाठ भरायची, बुडबुडा राहिला की क्लोरोफॉर्म त्यात उडून जातं. कुपीत आधीच थायोसल्फेट, म्हणजे उरलेलं क्लोरीन संपवणारं रसायन, हवं. नाहीतर वाटेतही क्लोरीनचं काम चालू राहतं आणि आकडा फुगतो. नमुना बर्फात न्यायचा. आणि नळ निवडायचा तो जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाचा, शक्यतो उन्हाळ्यात: पाणी वाहिनीत जितका जास्त वेळ राहतं आणि जितकं तापतं, तितके हे पदार्थ वाढतात. बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत भरून नेलेल्या पाण्याच्या अहवालाला काही अर्थ नाही.

आरओच्या पडद्यातून क्लोरोफॉर्मचा छोटा रेणू बराचसा निसटतो. त्याला धरतो तो कार्बन फिल्टर, तोही वेळच्या वेळी बदलला तर. उघड्या भांड्यात खळखळून उकळलं तरी ट्रायहॅलोमिथेन बरेच उडून जातात.

क्लोरीन बंद? 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता भागात जीबीएस (गियान-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. जागतिक आरोग्य संघटनाही स्पष्ट सांगते की क्लोरीनमुळे तयार होणारे असे उपपदार्थ कमी करण्यासाठी निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये. कमी करायचे ते सेंद्रिय अंश, क्लोरीन टाकण्याआधी, तुरटी आणि गाळणीच्या टप्प्यावर. महापालिकेला हे विचारा. आणि सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली, ते सेक्रेटरींना.