बेडं गाडीला बंद आहे, पायांना नाही

नमस्कार साहेब,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. जेवण आणि खोली चांगली, पण मालकाने निसर्गाला कुलूप लावलंय, सड्यावर (जांभ्या दगडाच्या आमच्या पठारावर) गाडी नेऊ देत नाही, कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली चित्रं, बघायचे माणशी १०० रुपये उकळतो, आणि स्कॉटलंडमध्ये कुणाच्याही जमिनीवरून फिरता येतं, असं तुम्ही लिहिलंय. उत्तर जरा लांबणार आहे.

आधी आमची चूक. तुमच्या आईंचे गुडघे दुखतात हे तुम्ही सांगत होतात आणि आमच्या पोराने ते ऐकूनच न घेता आवाज चढवला. तसं व्हायला नको होतं. शिवाय खालच्या रस्त्याने शाळेपर्यंत गाडी जाते आणि तिथून चित्रांपर्यंत जेमतेम दीडशे पावलांची सपाट वाट आहे, हे त्याने सांगायला हवं होतं. माफी मागतो.

पैशांचं म्हणाल तर ते १०० रुपये प्रवेशाचे नाहीत. वाडीतला जो मुलगा सोबत येऊन चित्रं दाखवतो त्याचे आहेत. वाट माहीत असेल त्याने खुशाल एकट्याने जावं. पण तिथे तसा बोर्ड नव्हता, म्हणून तुमचा गैरसमज झाला. आता लावलाय. तुमचे ४०० रुपये परत पाठवतो.

गाडीबद्दल मात्र माझं म्हणणं तेच आहे.

सडा तुम्हाला ओसाड मैदान वाटला, त्यात तुमचा काय दोष? आमच्या सातबाऱ्यावरसुद्धा तो पोटखराबाच, म्हणजे पिकाला निकामी जमीन, आहे. कातळावर माती कुठे बोटाच्या पेराएवढी, कुठे तेवढीही नाही. तेवढ्यात पावसाळ्यात गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू अशा इवल्या वनस्पती उगवतात. सीतेची आसवं म्हणजे ती नाजूक जांभळी फुलं. दिसायला बिचारी, पण खाण्यात पक्की मांसाहारी! मातीत कस नाही, म्हणून इवल्या पिशव्यांनी पाण्यातले बारीक जीव ओढून घेतात. तुम्ही ज्याला चिखल म्हणालात त्या डबक्यांत हे सगळं चालतं. एकदा चाक फिरलं की चाकोरी पडते, डबक्यातलं पाणी तिच्यातून निघून जातं आणि पुढच्या पावसात तिथे काहीच येत नाही. तीन वर्षांपूर्वी एका ग्रुपच्या जीप वर गेल्या होत्या. त्या चाकोऱ्या अजून दिसतात, हवं तर दाखवतो. सड्यावरचं पाणी जांभ्यातून झिरपत खाली आमच्या विहिरींना येतं. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडूनही मे महिन्यात आम्ही विहिरीच्या तळाशी बघत बसतो, त्यामुळे या बाबतीत आम्ही जरा हळवे आहोत.

खडूचंही तसंच. फोटोत रेघा उठून दिसाव्यात म्हणून तुम्ही त्यांत खडू भरायला घेतलात आणि पोराने हात धरला. तो त्याने बरोबर धरला. कशेळीच्या हत्तीसकट कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, तेव्हापासून गर्दी वाढली आहे. आमचं चित्र त्या यादीत नाही, त्याला राखण आमचीच.

स्कॉटलंडचा २००३ चा कायदा मी शोधून वाचला. (इंग्रजी जड गेलं, मुलीने मदत केली.) फिरायचा हक्क आहे, खरं आहे. पण तो जबाबदारीने वागणाऱ्याला आहे, उभ्या पिकात नाही, घराच्या परसात नाही, आणि अपंगांसाठी बनवलेलं वाहन सोडलं तर मोटारगाडीला नाहीच. म्हणजे तिकडेही तुमची गाडी खालीच राहिली असती.

आणि कुलूप कुठे आहे हो? तुम्ही ज्याला गेट म्हणता ते गडग्यातलं, म्हणजे दगडी कुंपणातलं, बेडं आहे. दोन बांबू सरकवले की माणूस आत. त्या वाटेने पलीकडच्या वाडीतली मुलं शाळेत जातात, शिमग्यात पालखी जाते. वीस वर्षं उघडपणे, हक्काने, अखंड वापरलेल्या वाटेला १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात संरक्षण आहे, असं आमचे वकील सांगतात. आमच्या आजोबांना तो कायदा ठाऊक नव्हता, पण वाट अडवायची त्यांची छाती झाली नसती. गाव घरी आलं असतं.

'मालक' म्हणालात, म्हणून सांगतो. सातबाऱ्यावर आम्ही एकोणीस सहहिस्सेदार आहोत, निम्मे मुंबईला. शेजारचा सडा चिरेखाणीला, म्हणजे जांभा दगड काढायच्या खाणीला, गेला. आमच्याकडेही दोनदा विचारणा झाली, दुसऱ्यांदा तर आगाऊ रक्कम घेऊनच माणूस आला होता. मुंबईच्या चुलतभावांना मी नाही म्हणायला लावलं ते याच खोल्यांच्या हिशेबावर. तुमच्यासारखे पाहुणे आले नाहीत तर पुढच्या वेळी त्यांना काय दाखवू? म्हणून तुम्ही रागाने गेलात याचं वाईट वाटलं.

आईंना घेऊन पुन्हा या. गेंद सप्टेंबरपर्यंत असतात. आदल्या दिवशी फोन करा, म्हणजे शाळेपाशी पोरगा खुर्ची घेऊन थांबेल. तोच पोरगा. त्याला माफी मागायची आहे.