पुढच्या महामारीची पूर्वतयारी : नाशिकच्या पर्यटन व्यावसायिकांसाठी

पंचवटीत लॉज, त्र्यंबकला यात्रेकरूंच्या उतरण्याची सोय, शिर्डी-त्र्यंबक फेऱ्या मारणारी पिवळ्या पाटीची गाडी किंवा सप्तशृंगी गडावर खण-नारळाचे दुकान, यांपैकी काहीही आपल्याकडे असल्यास पुढची महामारी येण्यापूर्वी आपण काही पथ्ये पाळावीत. गेल्या खेपेस, म्हणजे कोरोनाच्या काळात, सरकारने मदतीत हात आखडता घेतला, असे आपण म्हणता. वस्तुस्थिती अशी की मदत भरपूर होती, फक्त ती घेण्यास आपण लायक नव्हता.

पहिले पथ्य कर्जाचे. अंथरूण पाहून पाय पसरण्याची जुनी खोड आपण सोडून द्यावी. मे २०२० मध्ये जाहीर झालेल्या आपत्कालीन कर्ज हमी योजनेत नवे कर्ज मिळायचे ते २९ फेब्रुवारी २०२० रोजी आपल्या नावावर बाकी असलेल्या कर्जाच्या २० टक्क्यांपर्यंत. त्याआधीच पोटाला चिमटा काढून ज्याने लॉजचे कर्ज फेडून टाकले, त्याच्या वाट्याला शून्याचे २० टक्के आले. पुढे मार्च २०२१ अखेरीस हॉटेल आणि पर्यटन क्षेत्राचा खास विचार होऊन हे प्रमाण ४० टक्के झाले, म्हणजे त्याची मदत एकदम दुप्पट झाली. (२९ फेब्रुवारी ही तारीख चार वर्षांतून एकदाच येत असल्याने लक्षात ठेवणे सोपे आहे, त्या दिवशी अंगावर भरघोस कर्ज असू द्यावे.) या योजनेतली हमी सरकारची होती हे खरे, पण ती बँकेला होती, आपल्याला हप्ते होते. आधीपासूनच्या कर्जांचे हप्ते ऑगस्ट २०२० अखेरपर्यंत लांबणीवर टाकण्याची मुभाही मिळाली होती. गाडी दारात उभी, टायर बसलेले, बॅटरी उतरलेली, तरी व्याजाचे मीटर मात्र त्या काळातही थांबले नाही.

दुसरे असे की, जमल्यास आपण लॉज बंद करून फ्रिज विकावेत. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना प्रवास सवलतीची रक्कम प्रवास न करताच घेण्याची सोय झाली. भाड्याच्या तिप्पट रकमेची खरेदी करायची, ती १२ टक्के किंवा अधिक जीएसटी असलेल्या वस्तू-सेवांची करायची आणि पैसे डिजिटल पद्धतीने द्यायचे, एवढ्याच अटी होत्या. पर्यटनाचा पैसा अशा रीतीने दिवाणखान्यातल्या टीव्हीपर्यंत सुखरूप पोहोचला. कोणी कर्मचारी हट्टाने आपल्याच लॉजवर राहायला आला असता, तरी हजार रुपयांच्या आतल्या खोलीवर त्या वेळी जीएसटीच नसल्याने आपले बिल त्याच्या उपयोगाचे नव्हते. खोली स्वस्त ठेवण्याची दुर्बुद्धी पुन्हा होऊ देऊ नये.

तिसरे पथ्य मान्यतेचे. जून २०२१ मध्ये अर्थमंत्र्यांनी पर्यटन क्षेत्रासाठी हमीसह कर्ज जाहीर केले : पर्यटन मंत्रालयाची मान्यता असलेल्या ९०७ संस्थांना प्रत्येकी १० लाखांपर्यंत, आणि केंद्राची प्रादेशिक पातळीवरची किंवा राज्याची मान्यता असलेल्या १०,७०० गाइडना १ लाखापर्यंत. हे आकडे अख्ख्या देशाचे आहेत. काळाराम मंदिरापासून सीतागुंफेपर्यंत भाविकांना सगळी कथा सांगत नेणारा रिक्षावाला स्वतःला गाइड समजत असेल, तर तो त्याचा गैरसमज आहे. त्याच वेळी परदेशी पर्यटकांना पहिले ५ लाख व्हिसा मोफत जाहीर झाले. त्यांची मुदत ३१ मार्च २०२२ पर्यंत होती आणि नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा पूर्ववत झाली ती २७ मार्चला. पाच दिवस कमी नसतात.

राहता राहिला गडावरचा दुकानदार. २०२० आणि २०२१ असे सलग दोन चैत्रोत्सव भाविकांविना झाले, तेव्हा वर्षाची बेगमी ज्या उत्सवात व्हायची तोच हातचा गेला, आणि भरून ठेवलेले खण, बांगड्या, कुंकवाचे पुडे फळीवर पडून राहिले. पथविक्रेत्यांसाठी १०,००० रुपयांच्या कर्जाची योजना जून २०२० मध्ये आली होती, पण ती नागरी भागात विक्री करणाऱ्यांसाठी, आणि गडावर आहे ग्रामपंचायत. देवीने स्थान निवडताना नागरी हद्दीचा विचार केला नाही. आपण मात्र तो करावा आणि दुकान वेळीच कळवणला, नगरपंचायतीच्या हद्दीत हलवावे. ओटी भरणारे भाविक तिथे थांबत नाहीत, ही अडचण दुय्यम समजावी.