कायद्याला पटेल असं मरण

मरण कुणाला चुकलं नाही, हे मान्य. पण म्हणून कसंही मरून चालत नाही. म्हणजे तुमचं चालेल, मागे राहिलेल्यांचं चालायचं नाही. दुसऱ्याच्या हलगर्जीपणाने माणूस गेला तर घरच्यांना भरपाईचा दावा करता येतो, असं सगळेच सांगतात. येतो की! फक्त तुम्ही नीट मेलेलं असायला हवं. आताच थोडी तयारी करून ठेवा, नंतर वेळ मिळणार नाही.

उशिरा जन्मलात, हे एक बरं केलंत. 1808 साली इंग्लंडमध्ये एक घोडागाडी उलटली. टपावर नवरा-बायको बसलेले. नवऱ्याला मुका मार लागला, बायको महिनाभराने रुग्णालयात वारली. लॉर्ड एलनबरो या न्यायाधीशांनी निर्वाळा दिला की माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात तक्रार करण्याजोगी इजाच नव्हे. नवऱ्याला स्वतःच्या मुक्या माराचे पैसे मिळाले. बायकोच्या सहवासाचेही मिळाले, पण ती जिवंत होती तेवढ्याच दिवसांचे. तिचा श्वास थांबला आणि मीटर बंद. या हिशोबाने पाय मोडणं महाग आणि जीव घेणं स्वस्त. वर त्या काळी ज्या वस्तूमुळे माणूस मेला ती वस्तू, चाक असो की घोडा, राजाकडे जमा करण्याची पद्धत होती. पोरांचा बाप गेला आणि राजाला चाक मिळालं! पुढे आगगाड्या आल्या, रुळांवर माणसं मरू लागली, तेव्हा कुठे 1846 मध्ये ही जप्ती बंद झाली आणि कुटुंबाला दाव्याचा हक्क मिळाला. भारतात त्याच धर्तीचा कायदा 1855 मध्ये आला.

आता तुमच्याकडे वळू. मरताना दोषी माणूस सापडेल याची काळजी घ्या. नुसतं दुर्दैव उपयोगाचं नाही, वीज अंगावर पडली तर आभाळाला नोटीस लागू होत नाही. समोरच्यावर काळजी घेण्याची जबाबदारी होती, ती त्याने पाळली नाही, तुम्ही त्यामुळेच गेलात आणि त्यातून घरच्यांचं नुकसान झालं, अशी चार कड्यांची साखळी सलग जुळावी लागते. तिसऱ्या कडीपाशी बरेच जण घोटाळा करतात. अपघातानंतर आठ-दहा दिवस रेंगाळतात, त्यात जुनं हृदयाचं दुखणं उकरून काढतात, आणि मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ एवढंच लिहून घेतात. अहो, ती तर सगळ्यांचीच बंद पडते! त्यातून घरचे म्हणतात, ‘आता देहाची चिरफाड कशाला?’ शवविच्छेदन झालं नाही की समोरचा वकील मनातल्या मनात तुमच्या कुटुंबाचे आभार मानतो.

स्वतःची चूक करून मरू नका, ती वळती होते. इंग्लंडमध्ये 1975 च्या एका निकालापासून हिशोब ठरलेला आहे: सीटबेल्ट लावला असता तर इजा झालीच नसती, असं दिसलं की भरपाईतले 25 टक्के कापायचे. म्हणजे धडक दुसऱ्याने द्यायची आणि पाव हिस्सा तुमच्या मुलांनी भरायचा. मारणारा फौजदारी खटल्यातून सुटला तरी मात्र घरच्यांनी हातपाय गाळू नयेत. अमेरिकेत माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्प्सन 1995 मध्ये आधीची पत्नी आणि तिचा मित्र यांच्या खुनाच्या आरोपातून निर्दोष सुटले आणि 1997 मध्ये त्याच मृत्यूंसाठी दिवाणी ज्यूरीने त्यांना जबाबदार धरलं. फौजदारीत संशयाला जागा उरता कामा नये. दिवाणीत पारडं एका बाजूला जरासं झुकलं तरी पुरतं.

नाती आधी नीट लावून घ्या. 1855 च्या कायद्यात पत्नी, पती, आई-वडील (आजी-आजोबा धरून) आणि मुलं (नातवंडं, सावत्र मुलं धरून) एवढ्यांनाच जागा आहे. ज्या थोरल्या बहिणीने तुम्हाला लहानाचं मोठं केलं, तिचं नाव त्या यादीत नाही. रडायला मनाई नाही. इंग्लंडचा कायदा जरा सैल आहे, तिथे लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांनाही दावा करता येतो, पण मृत्यूआधी सलग दोन वर्षं एका घरात काढलेली हवीत. तेव्हा तेविसाव्या महिन्यात घाई करू नका.

किमतीचा मुद्दा नाजूक आहे. दुःखाची पावती नसते, पगाराची असते. भारतात मोटार अपघातांसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सूत्र घालून दिलं: वार्षिक उत्पन्नातून तुमचा स्वतःचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्याला वयानुसार गुणकाने गुणायचं. पंचविशीच्या आत गेलात तर 18, पासष्टी ओलांडून गेलात तर 5. अविवाहित असाल तर निम्मं उत्पन्न तुम्ही स्वतःवरच उडवलं असतंत, असं धरतात. (आईला पाठवलेल्या पैशांच्या पावत्या जपून ठेवा.) घर सांभाळणाऱ्या बाईचा हिशोब करताना तर सूत्रालाच घाम फुटतो. 2001 च्या जनगणनेने गृहिणींना भिकारी आणि कैद्यांसोबत ‘काम न करणाऱ्यां’च्या रकान्यात बसवलं होतं. याबद्दल 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच कान उपटावे लागले.

आणि तारीख! 1855 च्या कायद्याखाली मृत्यूपासून दोन वर्षं, इंग्लंडमध्ये साधारण तीन, आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात पुन्हा दोन. घरचे सावरून, कागद गोळा करून, ‘आता बघू या’ म्हणेपर्यंत हे दिवस सहज उडतात. सीसीटीव्हीचं चित्रण तर त्याच्या कितीतरी आधी पुसलं गेलेलं असतं.

तोवर समोरच्याकडून एक सज्जन गृहस्थ येऊन जातील. आवाज मऊ, हातात फाईल. ‘माणुसकीच्या नात्याने’ आणलेला एक धनादेश आणि त्याखाली एक कागद, ज्यात ‘पूर्ण व अंतिम’ (म्हणजे यापुढे दावा नाही) हे शब्द सगळ्यात बारीक अक्षरात असतील. सह्यांच्या जागी पेन्सिलीने आधीच फुल्या मारलेल्या असतील. घरात पेन शोधायची गरज पडणार नाही, ते पुढे करतील. चांगलं असतं त्यांचं पेन, कुठे अडखळत नाही.