ठेक्यावर नाचणारे आम्ही

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. उद्या पाणी लवकर जाणार आहे, झोपायला हवं. पण डोक्यातली तिडीक उतरल्याशिवाय झोप लागायची नाही, म्हणून लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

आज सोसायटीत 'एटीज नाइट' होती. क्लब हाऊसमध्ये दोन मोठे स्पीकर, बटाटेवडे, आणि पन्नाशी उलटलेली आम्ही मंडळी. 'टेक ऑन मी' लागलं तशा आम्ही काही जणी उठलो आणि गळा ताणून गायला लागलो. जिथं शब्द येत नव्हते तिथं तोंडाला येईल ते. एवढ्यात एका गृहस्थांनी (माणूस चांगला आहे, अडीअडचणीला धावून येतो, तो प्रश्न नाही) माइक हातात घेऊन जाहीर केलं, "आम्ही कॉन्व्हेंटवाले शब्द ऐकायचो, मराठी मीडियम नुसतं ठेक्यावर नाचायचं!" हशा पिकला. मीपण हसले. चारचौघांत तोंड कुठं वाईट करा.

घरी येऊन दूध तापवता तापवता मात्र राग चढत गेला.

मला एक सांगा, ती 'इंग्रजी' गाणी नक्की कोणाची होती? 'टेक ऑन मी'वाले 'आ-हा' हे तिघे नॉर्वेचे. त्या मुखड्यातलं इंग्रजी आमच्या शाळेतल्या बाईंच्या हाती लागलं असतं तर लाल शाईचा गोल ठरलेला. 1984 मध्ये ते गाणं पहिल्यांदा निघालं तेव्हा ब्रिटनमध्ये सपशेल पडलं. पुढच्या वर्षी नव्यानं रेकॉर्ड करून आणि पेन्सिलीच्या चित्रातून हात बाहेर येणारा तो व्हिडिओ घेऊन आलं, तेव्हा कुठं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. 'द फायनल काउंटडाउन' स्वीडनच्या पोरांचं. स्कॉर्पियन्स जर्मनीतल्या हॅनोव्हरचे. नेनाचं नव्याण्णव फुग्यांचं गाणं तर सरळसरळ जर्मनमध्ये, आणि ते अमेरिकेत दुसऱ्या नंबरपर्यंत चढलं. फाल्कोचं 'रॉक मी अमाडेउस'ही जर्मनमध्येच, 1986 ला तिथं पहिला नंबर. 1987 ला 'ला बांबा', स्पॅनिशमध्ये, पुन्हा पहिला नंबर. तेव्हा सगळी अमेरिका काय करत होती? ठेक्यावरच नाचत होती ना?

आता दादाबद्दल सांगते. खरा राग तिथून येतोय.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. मिरजेत त्याचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. दहावीला इंग्रजीत गचकला, तिथंच शिक्षण थांबलं. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन त्याच्या दुकानात. सोल्डरचा धूर, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस, उघडे पडलेले डेक. रेल्वेतलं एक गिऱ्हाईक महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईहून येताना त्याच्यासाठी कॅसेटी आणायचं. त्यातली डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश बँडची 'ब्रदर्स इन आर्म्स' त्याची सगळ्यात लाडकी. कव्हरवर बॉलपेननं लिहिलेलं, 'गिटारवाला. टेस्टिंगची. कुणाला द्यायची नाही.'

कुठलाही डेक दुरुस्त झाला की त्यात याच कॅसेटमधलं 'मनी फॉर नथिंग' लागायचं. सुरुवातीला लांबून येणारा तो उंच आवाज आणि सिंथेसायझरचे लांबच लांब सूर. बेल्ट सैल असला तर तिथं सूर डगमगतो, दादाची मान लगेच हलायची. हेड मळलेलं असलं तर आवाज बसलेला यायचा. मग ड्रम चढत चढत येतात, तिथं स्पीकर फाटतोय का ते कळायचं. आणि मग गिटार. गिटार आली की दादा स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायचा. गाणं संपेपर्यंत गिऱ्हाइकाला ना डेक मिळायचा ना बिल.

एकदा म्हणाला, "हा नखी वापरत नाही गं. बोटानं छेडतोय."

मी म्हटलं, तुला काय माहीत?

"ऐकू येतंय की. टोक नाही सुराला त्याच्या."

डायर स्ट्रेट्सचा गिटारवाला मार्क नॉफ्लर खरंच बोटांनी वाजवतो. शेजारच्या गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना (म्हणजे तारेचा झंकार जुळवताना) ऐकत वाढलेला कान तो, त्याला हे सांगायला कुठलं पुस्तक लागलं नाही. त्या वेळी शब्द ऐकत बसलेल्यांपैकी किती जणांना हे ऐकू आलं असेल, हे मला त्या माइकवाल्या गृहस्थांना विचारायचंय. विचारणार नाही अर्थात. उद्या लिफ्टमध्ये भेटले तर 'काय म्हणताय' एवढंच म्हणेन. म्हणून तर इथं लिहितेय.

आणि शब्द कळणाऱ्यांनी काय दिवे लावले तेही ऐका. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 'बॉर्न इन द यूएसए', 1984 चं. व्हिएतनामच्या लढाईवरून परतलेल्या आणि आपल्याच गावात कामधंदा न मिळणाऱ्या माणसाचं गाणं. कडवं न् कडवं कडू आहे. आणि ज्यांची ती मायबोली, ते लोक झेंडे नाचवत देशाभिमानाचं गाणं म्हणून तेच म्हणत होते! त्याच वर्षी निवडणुकीच्या प्रचारात रेगनसाहेबांनी न्यू जर्सीतल्या सभेत सांगितलं की स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांत आशेचा संदेश आहे. देशाचा अध्यक्ष. त्याचं शिक्षण तर सगळं इंग्रजीतच झालं होतं की.

बरं, मान्य. शब्द कळले की गाणं आणखी उघडतं. ट्रेसी चॅपमनचं 'फास्ट कार' शब्दांशिवाय निम्मंच पोचतं. झालं समाधान?

पुण्यात कॉलेजला आल्यावर मलाही शब्द मिळाले. हॉस्टेलमध्ये एका मैत्रिणीची वही होती, त्यात ती इंग्रजी गाणी उतरवून ठेवायची. त्या वहीत 'मनी फॉर नथिंग' वाचलं आणि हसावं की रडावं कळेना. ते गाणं चक्क विजेच्या वस्तूंच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाचं आहे! न्यूयॉर्कमधल्या तसल्या एका दुकानात नॉफ्लर उभा होता, मांडलेल्या टीव्हींवर एमटीव्ही चालू होतं आणि तिथला कामगार गाणाऱ्यांच्या नावानं बोटं मोडत होता. आम्ही मायक्रोवेव्ह बसवायचे, फ्रिज आणि कलर टीव्ही उचलायचे, आणि हे लेकाचे गिटार वाजवून फुकटचा पैसा कमावणार. नॉफ्लरनं तिथंच कागद-पेन मागून त्याचं बोलणं लिहून घेतलं. 1985 मध्ये ते गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर होतं. सुरुवातीचा तो उंच आवाज स्टिंग या दुसऱ्या ब्रिटिश गायकाचा, हेही मला तेव्हाच कळलं.

(त्यात समलिंगी माणसांसाठीची एक घाणेरडी शिवी आहे. 2011 मध्ये कॅनडात त्यावरून रेडिओवर काही महिने हरकत घेतली गेली होती. पात्राच्या तोंडची आहे, ठीक. तरी मला ती खटकते.)

तर दिवाळीत मिरजेला गेले तेव्हा दादाला हे सगळं समजावून सांगितलं. त्याच्या पुढ्यात कोणाचा तरी टू-इन-वन पोट उघडून पडला होता. तो हातातलं काम थांबवून ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे आपल्यातलाच हाय की."

थोड्या वेळानं, "फ्रिज एकटाच उचलतोय व्हय?"

मी म्हटलं, नाही, तो 'आम्ही' म्हणतो.

"मग बरं," म्हणाला आणि परत स्क्रूकडे वळला. टू-इन-वन जोडून झाल्यावर कॅसेट लावली. गिटार आली, स्क्रूड्रायव्हर खाली. आधी ऐकायचा तसंच ऐकलं. मला वाटलं होतं आता वेगळं काही म्हणेल. काही नाही.

लिहिता लिहिता राग बराच उतरलाय खरा. ते गृहस्थ गमतीनं बोलले असतील, वाईट हेतू नसेल. पण नाही, थांबा. गमतीनं बोललेलं हे वाक्य मी हॉस्टेलमध्ये ऐकलंय, ऑफिसच्या पार्टीत ऐकलंय, आणि दर वेळी मला त्या दुकानातला दादा दिसतो. यांच्या घरात परदेशातून आलेल्या रेकॉर्डी होत्या, कोणीतरी काका लंडनला होते. दादाकडे एक कॅसेट होती आणि आवाज कुठं बिघडलाय ते ओळखणारा कान. तरी चाचणी द्यायची ती आम्हीच. गाणं आवडतं म्हटलं की लगेच 'अर्थ सांग बघू'! भीमसेनांची कन्नड भजनं ऐकताना असली परीक्षा कोणी घेतं का? तिथं सगळे डोळे मिटून डोलतात, तेव्हा शब्द लागत नाहीत.

नॉफ्लर दिसतो कसा हे दादाला केबल आल्यावर कळलं. एका रात्री एमटीव्हीवर तो व्हिडिओ लागला, डोक्याला पट्टी बांधलेला नॉफ्लर. दादा म्हणाला, "हा तर टेनिसवाला वाटतोय." मग पडद्याजवळ जाऊन त्याच्या उजव्या हातावर बोट ठेवलं, "बघ. नखी हाय का?"

आता दादानं साठी ओलांडलीय. दुकान पोरगं बघतं, मोबाइलचं झालंय. पोरानं हौसेनं ब्लूटूथचा स्पीकर आणून दिला तर म्हणाला, याला खालचा सूरच नाही, परत कर.

असो. कमेंटमध्ये भांडायचं असेल तर खुशाल भांडा, पण आधी आपापलं ऐंशीच्या दशकातलं एक गाणं टाका, शब्द येत नसतील तर उत्तमच. आणि 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकला हे मला माहीत आहे, दर वेळी कोणीतरी सांगतंच. त्याला इथं आणू नका. तोही कॉन्व्हेंटवाल्यांच्यातलाच.