त्याला कॉफी द्या आणि बस दाखवा

अमेरिकेतल्या एखाद्या आडगावात काळा धंदा थाटायचं तुम्ही नक्की केलं असेल, तर जागा उत्तम निवडलीत. पोलीसप्रमुख खिशात, मेयर नात्यातला, आजूबाजूला मैलोन्‌मैल नुसता मका. गोदामात रात्री काय चालतं हे विचारायची कुणाची टाप नाही. काळजी एकच घ्यायची. एक दिवस हमरस्त्यावरून एक माणूस चालत येईल. साडेसहा फुटांना जेमतेम इंच कमी, वजन शंभर किलोच्या वर, अंगावर स्वस्तातले कपडे आणि हातात पिशवीसुद्धा नाही. तो तुमच्या गावच्या डायनरमध्ये बसेल आणि काळी कॉफी मागेल. ती त्याला द्या.

सल्ला संपला. पण तुमच्या आधीच्या एकानेही तो ऐकलेला नाही, म्हणून पुढचं लिहावं लागतंय.

हा माणूस म्हणजे जॅक रीचर. ली चाइल्डच्या कादंबऱ्यांतून तो १९९७ पासून अमेरिकाभर हिंडतो आहे. आधी सैन्याच्या पोलीस दलात मेजर होता. म्हणजे त्याचं काम गुन्हेगार सैनिकांना पकडायचं. ज्यांना माणसं मारायचं शिक्षण सरकारने दिलं, त्यांच्या मुसक्या आवळायच्या. शीतयुद्ध संपलं, सैन्यात कपात झाली, आणि हा बाहेर पडला. तेव्हापासून घर नाही, गाडी नाही, फोन नाही. खिशात घडीचा टूथब्रश, एटीएम कार्ड, आणि ११ सप्टेंबर २००१ नंतर जो तो ओळखपत्र मागू लागला म्हणून एक पासपोर्ट. कपडे तो धूतच नाही. तीन-चार दिवस वापरतो, कचऱ्यात टाकतो, नवे घेतो. पँटला इस्त्री हवी असेल तर रात्री गादीखाली ठेवून वर झोपतो. (ही युक्ती आपल्याकडच्या वसतिगृहांतून तिकडे गेली असावी असा माझा दाट संशय आहे.)

आता खलनायकाच्या नजरेतून ह्या माणसाकडे बघा. त्याला तुमची जमीन नको, तुमच्या धंद्यात वाटा नको, तो निवडणुकीला उभा राहणार नाही. उद्या सकाळच्या बसने तो आपण होऊन जाणार आहे. इतका निरुपद्रवी पाहुणा अख्ख्या अमेरिकेत सापडायचा नाही. आणि तुम्ही काय करता? त्याला अटक करता.

पहिल्याच कादंबरीतलं, ‘किलिंग फ्लोअर’मधलं, जॉर्जियातलं मारग्रेव्ह घ्या. गाव नुसतं लखलखीत. गिऱ्हाईक नाही तरी दुकानं झकपक, कारण प्रत्येक दुकानदाराला गप्प बसायचे आठवड्याला हजार डॉलर घरपोच. धंदाही डोकेबाज. अमेरिकेत सगळ्या नोटा एकाच मापाच्या, तेव्हा एक डॉलरच्या नोटेची शाई धुऊन काढायची आणि त्याच अस्सल कागदावर शंभरची नोट छापायची. (आपल्याकडे हे जमायचं नाही. दहाची नोट धुऊन पाचशेची करायला बसाल तर कागद पुरणार नाही.) अशा सुखी गावात रीचर का आला? ब्लाइंड ब्लेक नावाचा एक जुना ब्लूज गायक तिथे मेला असं त्याच्या भावाने कधीतरी कळवलं होतं, म्हणून. चौकशी करून तो पुढे निघून गेला असता. पण तो अंडी खात असताना पोलीस बंदुका रोखून आत आले आणि खुनाच्या आरोपावरून त्याला घेऊन गेले. मेलेला माणूस त्याचा सख्खा भाऊ होता, हे त्याला त्या अटकेमुळेच कळलं. ज्याला काही पत्ताच नव्हता, त्याला पोलिसांनी स्वखर्चाने, सरकारी गाडीतून, प्रकरणाच्या गाभ्यापर्यंत नेऊन सोडलं.

तुम्ही म्हणाल, एकदा चुकतो माणूस. मग ‘नथिंग टू लूज’मधलं कोलोराडोचं डिस्पेअर बघा. सगळं गाव एका भंगार-कारखानदाराच्या मालकीचं. रीचर शेजारच्या होपहून चालत आला, उपाहारगृहात बसला, तर वेट्रेस त्याच्याकडे बघेना. एका कपासाठी! मग पोलीस आले, हाणामारी झाली, भटकेगिरीच्या आरोपाखाली त्याला न्यायाधीशापुढे उभं केलं आणि शिवेबाहेर नेऊन टाकलं. इथे तुमच्या वकिलालाही एक सांगून ठेवा. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहराचा भटक्यांना पकडायचा असाच नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच रद्द केला. गुन्हा नेमका कोणता तेच त्यातून कळत नाही, असं कारण दिलं. म्हणजे कायदाही बाजूने नाही, आणि वाचली काय तर एक कप कॉफी. ‘येऊ नकोस’ म्हटल्यावर रीचर त्या गावात पुन्हा पुन्हा गेला. त्या कारखान्याचं पुढे काय झालं ते वाचून घ्या. तुमच्या विम्याच्या दृष्टीने बोधप्रद आहे.

गावाच्या नावाकडेही लक्ष असू द्या. ‘मेक मी’मध्ये तो आगगाडीतून उतरतो ते केवळ गावाचं नाव ‘मदर्स रेस्ट’ का पडलं एवढं विचारायला. कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला इथे विसावा मिळाला, अशी एखादी थाप मारली असती तर तो दुसऱ्या गाडीने गेला असता. नाही. त्यांनी त्याच्यावर पाळत ठेवली. तुमचं दुकान गहाणवटीचं असेल तर काचेत काय मांडता ते तपासा. ‘द मिडनाइट लाइन’मध्ये विस्कॉन्सिनच्या एका गावात बस थांबली म्हणून तो पाय मोकळे करायला उतरला आणि त्याला वेस्ट पॉइंटची अंगठी दिसली, बाईच्या बोटाची, इवलीशी. सैन्याच्या त्या अकादमीत तो स्वतः शिकलेला. तिथली अंगठी कुणी सुखासुखी विकत नाही हे त्याला माहीत. त्या अंगठीमागे तो वायोमिंगपर्यंत गेला आणि वाटेतल्या कित्येकांची हाडं मोडली. अंगठी गल्ल्यात ठेवली असती तर?

एवढं सांगूनही तुम्ही त्याच्यावर माणसं पाठवणारच. मग पाच पाठवू नका. सगळे पाचच पाठवतात. ‘वन शॉट’मध्ये इंडियानात तेच झालं. पाच म्हणजे खरे तीन, असा रीचरचा हिशेब आहे: पुढारी आणि दोन उत्साही पडले की उरलेले दोघे पळतात. त्यात तुमचा पुढारी सगळ्यात पुढे उभा राहून भाषण करतो. पुढाऱ्याने मागे राहून पोरांना पुढे घालायचं असतं, हे तिकडे अजून कुणाला उमगलेलं नाही. ह्या विषयात आपल्याकडून जाणकार माणसं पाठवता येतील. दुसरं, बोलू नका. तुम्ही धमकी देत असता तेव्हा तो अंतर मोजत असतो. तो गप्प झाला की कोपराच्या टप्प्याबाहेर सरका.

त्याला ओळखायचं कसं? २०१२ आणि २०१६ च्या चित्रपटांवरून ओळखायला जाल तर फसाल. तिथे टॉम क्रूझ आहे आणि त्याची उंची बघून वाचकांनीच आकाशपाताळ एक केलं होतं. २०२२ पासूनच्या मालिकेतला ॲलन रिचसन बघून ठेवा. दारात उभा राहिल्यावर दार दिसेनासं झालं, तर तोच.

वाचता वाचता तुमच्यापैकी काहींना खलनायकापेक्षा रीचरच व्हावंसं वाटू लागलं असेल. पाठीला पिशवी नाही, डोक्यावर हप्ता नाही, गृहनिर्माण सोसायटीची सर्वसाधारण सभा नाही! जरूर व्हा. फक्त आधी गोरे व्हा. अमेरिकन गावात रात्रीबेरात्री पायी शिरणारा, पोलिसांना उलट उत्तर देणारा, पत्ता नसलेला माणूस काळा असता, तर मालिका विसाव्या पानावर संपली असती. आणि तिकडे एच-वन-बी व्हिसावर असलेल्या आपल्या पुतण्याला तर ह्या पुस्तकांपासून लांबच ठेवा. त्याची नोकरी गेली तर दुसरी शोधायला फार तर ६० दिवस. राहण्याची जागा बदलली की १० दिवसांत सरकारला कळवायचं. रीचरसारखं रोज नव्या मोटेलात झोपायचं ठरवलं, तर बिचारा रात्रभर अर्जच भरत बसेल.

शेवटचा मुद्दा वेळापत्रकाचा. हे सगळं ज्याने सुरू केलं तो ली चाइल्ड, खरं नाव जिम ग्रँट, मँचेस्टरच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनमध्ये नोकरीला होता. १९९५ साली तिथल्या कपातीत त्याची नोकरी गेली. त्याच सुमारास त्याने कागद-पेन्सिली आणल्या, १ सप्टेंबरला लिहायला बसला आणि जवळपास आपल्याइतकाच उंच, आपल्यासारखाच कपातीत सापडलेला माणूस तुमच्या गावांवर सोडला. पुढे दरवर्षी नवं पुस्तक सुरू करायचा त्याचा मुहूर्त १ सप्टेंबरच. लेखक म्हातारा होतोय, दोनचार वर्षं कळ काढू, असा हिशेब काही खलनायकांनी केला असेल, तर तोही चुकला. २०२० मध्ये त्याने धाकट्या भावाला, अँड्र्यूला, हाताशी घेतलं आणि धंदा घराण्यातच ठेवला. तेव्हा ऑगस्टअखेरीस गोदाम रिकामं करा, डायनरवाल्याला ताजी कॉफी उकळत ठेवायला सांगा, आणि बिल त्याच्याकडून चुकूनही घेऊ नका.