गेम बंद नाहीत, पैशांचे डाव बंद आहेत

आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या पालक-गटात एक मेसेज फिरतोय : ‘सरकारने सगळे मोबाइल गेम बंद केले, खेळताना सापडल्यास मुलावर गुन्हा.’ काल एका आजीने घाबरून नातवाच्या फोनमधला बुद्धिबळसुद्धा काढून टाकला.

मेसेज चुकीचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात बंदी आहे ती पैसे लावून खेळायच्या खेळांवर. म्हणजे पैशांची रमी, पैशांचा लुडो. नुसता लुडो खुशाल खेळा. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमना, तर त्याच कायद्याने मान्यता दिली. शिक्षा आहे ती असा खेळ चालवणाऱ्याला : ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाराही सुटत नाही. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही.

‘पब्जीही अभ्यासासाठीच बंद केला होता’ हेही खरं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये बंद केलेल्या ११८ ॲपांमध्ये तो होता, कारण दिलं होतं देशाच्या सुरक्षेचं आणि डेटाचं.

पोरं रात्री बारापर्यंत फोनवर असतात ही तक्रार माझीही आहे. पण त्यासाठी पोलिसांची खोटी भीती कशाला? आजी, बुद्धिबळ परत टाकून द्या.