‘जुनं लाकूड, नव्याचा भाव’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही दोन तारे देऊन लिहिलंत: टेबलावर खिळ्यांची भोकं, पावसाळ्यात अडकलेला ड्रॉवर, तीन आठवडे उशीर, आणि ‘पर्यावरण’ नुसतं दुकानाच्या बोर्डावर.

ड्रॉवरची चूक सरळ आमची. मे महिन्यात, लाकूड खडखडीत कोरडं असताना, तो अगदी घट्ट बसवला. सागवान कितीही मुरलेलं असलं तरी जुलैच्या हवेत फुगतंच; फट ठेवायला हवी होती. शनिवारी आमचे सुतारकाका रंधा घेऊन घरी येतील. पैसे लागणार नाहीत.

भोकांचं वेगळं आहे. टेबलाची वरची फळी पुण्यातल्या एका पाडलेल्या वाड्याच्या कडीपाटाची, म्हणजे लाकडी छताची. भोकं लांबी (पुट्टी) भरून झाकता येतात, पण काही दिवसांनी लांबी सुटली की आणखी वाईट दिसतात. हे ऑर्डर घेतानाच दाखवायला हवं होतं. नाही दाखवलं.

आता भाव. वाडा पाडणारा ठेकेदार पूर्वी तुळया तोडून जळणात घालायचा. आता माणसं लावून अखंड उतरवतो. ती मजुरी आमची. मग खिळे उपटायचे. तुमच्या टेबलाच्या लाकडातून रंगाचा डबाभर निघाले! एक जरी आत राहिला तर सॉ मिलचं पातं जातं, म्हणून बरेच जण जुनं लाकूड कापायला घेतच नाहीत. एक मिलवाले घेतात, ते नव्या मालाचं काम उरकल्यावर, आणि पातं तुटलं तर भरपाई आमची. तुमचा उशीर तिथेच झाला. त्यानंतर भुंगा लागू नये म्हणून बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी आणि पुन्हा वाळवणं. या सगळ्यात लाकडाचेच पैसे सगळ्यात कमी. शिवाय हे जुनं बर्मी सागवान. म्यानमारने २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे. तुम्ही ज्याच्याशी भाव ताडून पाहिलात ते नवं सागवान बहुधा लागवडीचं असावं.

बोर्डाबद्दल थोडं तुमचंही खरं आहे. ड्रॉवरचा तळ प्लायचाच आहे, आणि डिंकाने चिकटवलेल्या प्लायचं पुढे फारसं काही होत नाही. बाकी टेबल मात्र बांबूच्या मेखांवर उभं आहे, सुटं करता येतं. कधी नको झालं तर आम्ही परत विकत घेतो, तुमच्या बिलावरही ते लिहिलेलं आहे.

तरीही भोकं खटकत असतील तर शनिवारी काकांना सांगा. तुळईच्या गाभ्यातून बिनभोकांच्या पट्ट्या निघतात. त्या अरुंद असतात, त्यामुळे वरची फळी दोनाऐवजी चार पट्ट्यांची होईल.